पिस्तुलात बदल करण्यास सक्त मनाई आहे

नगरच्या माणसाला धडाम्‌धुडूमचं कौतुक नाही. खारे कर्जुन्याच्या बाजूला के. के. रेंजवर लष्कराचा सराव सुरू झाला की आसपासच्या गावांत फडताळातली भांडी वाजायला लागतात आणि माणसं बशीतला चहा न सांडता म्हणतात, "चालू झालं त्यांचं." रणगाडेवाल्यांचं सेंटर आणि स्कूल 1948 पासून इथं आहे. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं सेंटर इथंच, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथंच, आणि 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालयही. रविवारी लोक पोराबाळांना घेऊन तिथं जातात, रणगाड्यापुढं फोटो काढतात आणि येताना भेळ खातात. अशा गावात कमरेला वीतभर पिस्तूल लावून लोकांवर छाप पाडायची म्हणजे छातीच पाहिजे. आमच्या शेजारच्या तात्यांना ती आहे.

शस्त्र नुसतं असून भागत नाही, ते दिसलं पाहिजे, ही रीत मात्र तात्यांनी काढलेली नाही. ती निजामशाहीपासूनची आहे. विजापूरच्या बुरुजावर आज जी मलिक-ए-मैदान तोफ आहे, ती 1549 साली नगरला ओतली. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. वजन सुमारे 55 टन. त्यानं तोफेच्या तोंडाशी सिंहाचा जबडा काढला आणि जबड्यात हत्ती दिला. आता, जबडा काढल्यानं गोळा एक हातसुद्धा लांब जात नाही आणि हत्ती चावल्यानं नेम सुधारत नाही. पण समोरच्याच्या पोटात गोळा येतो, तो तोफेतून सुटण्याआधीच. बत्ती दिल्यावर कानठळ्या बसू नयेत म्हणून गोलंदाज शेजारच्या पाण्यात उडी मारायचा, अशी दंतकथा आहे. म्हणजे दिसायला सिंह आणि चालवणारा पाण्यात. वर एवढा माल नगरला तयार झाला आणि शेवटी कायमचा बाहेरगावी गेला. सगळं नगरी रीतीला धरूनच झालं.

तात्यांचं पिस्तूल बंगालातल्या इशापूरच्या कारखान्यातलं, पॉइंट बत्तीस बोअरचं आहे. परवाना काढताना कारण लिहावं लागतं. तात्यांनी 'जीवितास धोका' असं लिहिलं. मग पोलीस चौकशीला आले आणि त्यांनी शेजाऱ्यांना विचारलं, "यांना कुणापासून धोका आहे?" शेजारी खरं बोलणारे. म्हणाले, "यांना कुणापासून? आम्हाला यांच्यापासून आहे, पण आम्ही अर्ज केलेला नाही." तरी परवाना झाला. झाल्यावर तात्यांनी पेढे वाटले. जिवाला धोका असल्याचं सरकारनं मान्य केलं म्हणून पेढे वाटणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्या दिवसापासून तात्यांमध्ये एकेक बदल होत गेला. आधी शर्ट आत गेला. मग छाती बाहेर आली. पोट आधीपासून बाहेर होतंच. चालताना उजवा हात शरीरापासून टीचभर लांब राहायला लागला. चहाच्या टपरीवर ते भिंतीकडे पाठ करून बसू लागले आणि टपरीला भिंत नसेल तर चहा पिईनासे झाले. पूर्वी 'हॅलो' म्हणून फोन उचलायचे, आता 'बोला' म्हणून उचलतात. मिशी वाढली, आवाज अर्ध्या पट्टीनं उतरला आणि बोलण्यात मोठमोठे विराम येऊ लागले. एकच अडचण राहिली. पोट पुढं असल्यामुळं कमरेचं पिस्तूल तात्यांना स्वतःला दिसत नाही, ते फक्त इतरांना दिसतं. अर्थात ते लावलेलंही इतरांसाठीच आहे.

पिस्तुलाचं घरातलं स्थान मात्र जावयाचं. त्याला उंची कव्हर, स्वतंत्र कप्पा; खंडेनवमीला ओवाळणी, हळद-कुंकू, झेंडूचं फूल; पाहुण्यारावळ्यांत कौतुकानं उल्लेख; आणि काम म्हणून कुणी काडीचं सांगायचं नाही. पूर्वी एखाद्या वरातीत बार काढायला बोलावणं यायचं. 2019 साली शस्त्र कायदा दुरुस्त झाला आणि लोकांच्या जिवाला धोका होईल असा आनंदाचा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं ठरलं. आहेर पाचशे एकाचा आणि दंड लाखाचा, हा हिशोब कुठल्याच नगरी माणसाला पटण्यासारखा नाही. तेव्हापासून तात्या वरातीत फक्त फेटा घालून चालतात.

त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. 2024 साली मे महिन्यात लोकसभा झाली, नोव्हेंबरात विधानसभा. पिस्तूल घरी आलं म्हणेपर्यंत पुन्हा ठाण्यात. आमचं ठाणं कुठलं, तर तोफखाना. तिथल्या हवालदाराला तात्यांच्या पिस्तुलाचा नंबर तोंडपाठ आहे. तात्यांना अजून परवाना काढून बघावा लागतो.

हे सगळं असंच सुरळीत चाललं असतं, पण दिवाळीत तात्यांचा पुतण्या डॅलसहून आला. तो तिकडं प्रॅक्टिकल शूटिंगच्या स्पर्धांत भाग घेतो. त्यानं टीव्हीवर आपले व्हिडिओ लावले आणि तात्यांच्या आयुष्यात अशांतता आली.

हा प्रकार असा. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कोलंबिया या गावी 1976 साली काही हौशी मंडळी जमली आणि त्यांनी या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना काढली. पहिले अध्यक्ष जेफ कूपर. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये: अचूकता, ताकद, वेग. एका जागी उभं राहून नेम धरायचा नाही, तर लाकडी भिंती, खिडक्या, दारं, पिंपं यांच्यामधून पळत पळत पुठ्ठ्याची आणि लोखंडी पत्र्याची लक्ष्यं टिपायची. पंचाच्या हातात टायमर. तो आधी विचारतो, "तयार?", मग म्हणतो, "स्टँडबाय", मग टायमर 'पीं' करतो आणि माणूस सुटतो. पुठ्ठ्यावर मध्यभागी लागलं तर 5 गुण, बाहेर लागेल तसे कमी. हुकलं तर 10 वजा. काही पुठ्ठे 'यांना मारायचं नाही' म्हणून मध्येच उभे केलेले असतात. त्यांना लागलं तरी 10 वजा. एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, तो तुमचा आकडा. हळू आणि अचूक मारणारा मागं पडतो, भरभर आणि कुठंही मारणाराही मागंच पडतो.

तात्यांचं लक्ष गुणांकडे नव्हतं, पुतण्याच्या पिस्तुलाकडे होतं. या खेळात गट असतात. 'प्रॉडक्शन' गटात पिस्तूल जवळजवळ कारखान्यातून आलं तसंच ठेवावं लागतं. 'ओपन' गटात मात्र हौसेला मोल नाही. वर लाल ठिपक्याची काच, म्हणजे ठिपका ठेवाल तिथं गोळी. नळीच्या टोकाला कॉम्पेन्सेटर, म्हणजे बार झाल्यावर तोंड वर उसळायचं थांबतं. काडतुसांचं मॅगझिन झटकन बसावं म्हणून खाली कर्ण्यासारखं रुंद तोंड. चाप इतका हलका की मनात आलं तरी ओढला जावा. रंग जांभळा. तात्यांनी व्हिडिओ सहा ठिकाणी थांबवला आणि शेवटी विचारलं, "आपल्याकडं बसवून मिळंल का हे?"

पुतण्या म्हणाला, "काका, इकडचा कायदा बघा आधी."

तात्यांनी शस्त्रांच्या दुकानात चौकशी केली. दुकानदारानं जुनी ओळख असल्यानं चहा मागवला आणि मग एकेक करून सांगितलं. शस्त्र कायदा 1959 चा. बंदुकीची नळी आखूड करायची किंवा खेळण्यातल्या बंदुकीची खरी करायची, तर कलम 6 खाली वेगळा परवाना. बनवणं, दुरुस्त करणं, तपासणं, सगळ्याला कलम 5 आड येतं. तिकडच्या स्पर्धांत जी 9 मिलिमीटरची पिस्तुलं सर्रास दिसतात, तो बोअर आपल्याकडं निषिद्ध. सामान्य परवान्यावर मिळत नाही. पूर्वी माणशी तीन शस्त्रं चालायची, आता दोन. काडतुसं परवान्यावर लिहिली असतील तेवढीच, आणि पुतण्या एका रविवारी जेवढी उडवतो तेवढ्यात तात्यांची उरलेली हयात निघेल.

"मग मी करू काय?" तात्यांनी विचारलं.

"तेल टाका," दुकानदार म्हणाला. "महिन्यातून एकदा. जास्त नको."

तेव्हा कायद्याला जे चालतं ते तात्यांनी सगळं केलं. कोल्हापुरी चामड्याचं होल्स्टर करवलं, त्यावर आद्याक्षरं. पट्ट्याला मोठं बक्कल. गाडीच्या काचेवर वाघ. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि नूतनीकरणाच्या वेळी परवान्यावर ते नवीन नाव आलं. तात्यांच्या शस्त्रसामग्रीत आजवर झालेला पूर्णपणे कायदेशीर असा बदल हाच.

मी त्यांची समजूत काढली. म्हटलं, तात्या, असली स्पर्धा नगरला भरूच शकत नाही. समजा भरली. सुरुवात माळीवाडा वेशीपाशी, शेवट दिल्ली गेटला. टायमर सकाळी दहाला वाजायचा, तो प्रमुख पाहुणे आल्याशिवाय वाजणार नाही. पाहुणे साडेबाराला येणार. त्यांच्या हस्ते पहिल्या पुठ्ठ्याचं पूजन, मग शाल-श्रीफळ, मग मनोगत. गुणांना सेकंदांनी भागायचं, हा नियम. मनोगताचे सेकंद भाजकात धरले तर जगज्जेता आला तरी त्याचा आकडा शून्याच्या वर निघायचा नाही.

दुसरी अडचण, ज्यांना मारायचं नाही त्या पुठ्ठ्यांची. आपल्या प्रत्येक चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. मध्ये उत्सवमूर्ती आणि भोवती चाळीसेक शुभेच्छुक. एखादी गोळी चुकून शुभेच्छुकाच्या कपाळात गेली, तर 10 गुण वजा होऊन विषय मिटेल काय? संध्याकाळपर्यंत शहर बंदची हाक येईल आणि उत्सवमूर्ती वेगळाच रुसेल, की त्याला सोडून गोळी खाली बसलेल्यालाच का लागली.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. या खेळात नळीचं तोंड कायम पुढं लागतं. डावीकडं-उजवीकडं नव्वद अंशांच्या पलीकडं गेलं की त्या माणसाला तिथल्या तिथं स्पर्धेतून बाद करतात. पळताना बोट चापाच्या बाहेर हवं, हातातून पिस्तूल पडलं तरी बाद. यात कुणाचा वशिला चालत नाही, आणि खेळ सुरक्षित राहिला आहे तो त्यामुळंच. आता नगरच्या भर बाजारातून माणूस पळतोय आणि मागून कुणी "ओ तात्या!" अशी हाक मारत नाही, हे शक्य आहे का? आणि हाक आल्यावर तात्या वळून "बोला" म्हणणार नाहीत, हे शक्य आहे का? सगळे स्पर्धक पहिल्या शंभर फुटांत बाद. करंडक उरणार फक्त पंचाकडं.

तात्यांना यातलं काहीच पटलं नाही, पण त्यांचं समाधान वेगळ्याच वाटेनं व्हायचं होतं. त्यांची आठवीतली नात गेल्या वर्षापासून एअर पिस्तूल शिकते आहे. सावेडीच्या बाजूला एका हॉलमध्ये दहा मीटरची रेंज आहे. तिला सोडायला-आणायला तात्या जातात. सुरुवातीला ते बाहेर गाडीतच बसायचे. हवेवर चालणाऱ्या पिस्तुलाला पिस्तूल म्हणायची त्यांची तयारी नव्हती. 4.5 मिलिमीटर बोअरच्या आणि 20 जूलपर्यंत जोर असलेल्या एअर गनला परवानाच लागत नाही, हे कळल्यावर तर त्यांच्या मनातून ती साफ उतरली. ज्याला परवाना लागत नाही, त्याचे पेढे कसले वाटणार?

एकदा ऊन होतं म्हणून आत गेले आणि चाट पडले. जे पुतण्याकडं बघून हुरहुर लागली होती ते सगळं इथं चाललेलं, तेही नियमात बसवून. नातीच्या पिस्तुलाची लाकडी मूठ कानशीनं घासलेली, मधल्या बोटाखाली लांबी भरून उंचवटा केलेला, अंगठ्याच्या जागी खळगा. प्रशिक्षक ती मूठ तिच्या हातात देत होते, काढून घेत होते, पॉलिश पेपर मारत होते, परत देत होते. तळव्याची आणि लाकडाची गाठ पडेपर्यंत हे चालतं. त्याला मर्यादा आहेत, पण त्या मोजपट्टीच्या. सगळं पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. वजन दीड किलोच्या आत. चापाला 500 ग्रॅमचं वजन टांगलं तरी तो सुटता कामा नये. तेवढं पाळा आणि मग काय ते घासा.

पिस्तुलातल्या एवढ्याशा भागापायी काय काय होतं, तेही प्रशिक्षकांनी तात्यांना ऐकवलं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाची कॉकिंगची खिट्टी ऐन फेरीत मोडली आणि तिची मोलाची मिनिटं दुरुस्तीत गेली. तीच मुलगी 2024 साली पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2013 साली पिस्तुलात विश्वचषकाचं सुवर्ण आणलं, तेजस्विनी सावंत 2010 साली रायफलीत जगज्जेती झाली, आणि तेव्हा रेल्वेत तिकिटं तपासणाऱ्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं. "आपल्या महाराष्ट्रातले सगळे कोल्हापूरकडचेच कसे?" तात्यांनी विचारलं. प्रशिक्षक म्हणाले, "ते लोक नेम धरतात. आपण माणूस धरतो."

त्यात पॅरिसचाच तो तुर्कस्तानचा युसुफ दिकेच. वय 51, डोळ्यांवर नेहमीचा चष्मा, डावा हात पँटच्या खिशात, बाजारात भाजी घ्यायला आल्याच्या थाटात उभा राहिला आणि मिश्र सांघिक रौप्यपदक घेऊन गेला. हा फोटो भिंतीवर लावलेला होता. तात्यांनी तो बराच वेळ पाहिला. चष्मा आपल्यालाही आहे, खिसा आपल्यालाही आहे, पोटाचंही तसं जमण्यासारखं आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

नातीत झालेले बदल घरच्यांना आधीच दिसले होते. पूर्वी एका जागी पाच मिनिटं न बसणारी पोर आता सकाळी भिंतीसमोर हात लांब करून अर्धा अर्धा तास उभी असते. पिस्तुलात छर्रा नसतो, भिंतीवर खूण नसते, फक्त श्वास घ्यायचा, सोडायचा, चाप हळू दाबायचा. याला ती 'ड्राय' म्हणते. काकूंना, म्हणजे तात्यांच्या बायकोला, आधी काळजी वाटली, देवऋषाला दाखवावं का म्हणून. आता त्या म्हणतात, "हिचं वाजत नाही आणि ह्यांचं चालत नाही. घर शांत आहे." विधानसभेच्या आचारसंहितेत तर गंमतच झाली. तात्यांचं पिस्तूल तोफखान्यात जमा आणि घरात सशस्त्र व्यक्ती एकच, तीही दप्तर भरत बसलेली.

अखेर गेल्या महिन्यात तात्यांनी रेंजवर स्वतः हात मारून बघितला. मी होतो. पट्टा सैल केला, बक्कल बाजूला घेतलं, दिकेचसारखा डावा हात खिशात घातला. नात शेजारच्या लेनवर सराव करत होती, तिनं सूचना दिल्या. "आजोबा, छाती आत घ्या. मिशीला हात लावू नका. टार्गेटकडं नाही, पिस्तुलाच्या टोकाकडं बघा. अर्धा श्वास सोडा. आणि कुणी हाक मारली तरी वळायचं नाही." गेल्या काही वर्षांत मोठ्या कष्टानं अंगी बाणवलेल्या सगळ्या गोष्टी पोरीनं अर्ध्या मिनिटात काढून घेतल्या. दहा मीटरवर जो मधला दहाचा गोल आहे, त्याचा व्यास 11.5 मिलिमीटर, शर्टाच्या गुंडीएवढा. तात्यांचा हात त्या गोलाभोवती प्रदक्षिणा घालत होता आणि मध्येच बाहेरच्या देवळांनाही जाऊन येत होता.

त्यांनी दहा छर्रे मारले. कागद ओढून आणला तर त्यावर नऊ भोकं, सगळी कडेकडेनं, एकमेकांना ओळख न दाखवणारी. दहावं कुठं गेलं याचा शोध सुरू झाला. ते शेजारच्या लेनवर नातीच्या कागदावर सापडलं, थेट दहाच्या गोलात. नियमानं दुसऱ्याच्या लक्ष्यावर मारलेला छर्रा आपला धरत नाहीत. प्रशिक्षकांनी तसं सांगितलं.

तात्यांना त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. पट्टा परत आवळत ते म्हणाले, "सोसायटीच्या निवडणुकीत पण आमचं असंच झालं होतं. नेम आमचा, गुलाल शेजारच्याचा."